देशी गाडी, आयात गाडी आणि सरासरीचा खेळ

घरात नवी गाडी घ्यायची ठरली की दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ आणि दुसरा, ‘कंपनी आपली की बाहेरची?’ पहिल्या प्रश्नामागे खिशाची चिंता असते, दुसऱ्यामागे स्वदेशीचा संस्कार. या दोन प्रश्नांची उत्तरे आपण वेगवेगळी शोधतो आणि बहुतेक वेळा पहिल्या उत्तरावर निर्णय घेऊन दुसऱ्याने मनाचे समाधान करतो. अमेरिकेने मात्र १९७५ साली हे दोन्ही प्रश्न एकाच कायद्यात गुंफले. कोणती गाडी किती इंधन पिते आणि ती देशी की परदेशी, याची प्रतिवर्षी स्वतंत्र रकान्यांत नोंद ठेवण्याचे बंधन त्या कायद्याने निर्माण झाले. या नोंदींचा इतिहास आता पन्नास वर्षांचा झाला आहे. आपल्याकडे २०२७ पासूनच्या इंधन-मानकांवरून मोटार कंपन्यांमध्ये जे जुंपले आहे ते समजून घ्यायचे असेल, तर हा इतिहास डोळ्यांखालून घालणे अगत्याचे आहे. विशेषतः ‘देशी म्हणजे चांगले’ किंवा ‘परदेशी म्हणजे चांगले’ अशा ठाम मतांच्या मंडळींनी तर तो अवश्य पाहावा; कारण त्यात दोघांचीही निराशा करण्याची क्षमता आहे.

तेलाच्या फासातून जन्मलेला कायदा

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध भडकले आणि इस्रायलला मदत करणाऱ्या अमेरिकेचा तेलपुरवठा अरब राष्ट्रांनी रोखला. पिंपाला सुमारे तीन डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. पेट्रोल पंपांवर मैलभर रांगा लागल्या. त्या काळातील अमेरिकन मोटार म्हणजे चाकांवरचा दिवाणखानाच. आठ सिलिंडरचे इंजिन, दोन टनांच्या आसपास वजन, आणि गॅलनमागे सरासरी जेमतेम १३-१४ मैलांची धाव. आपल्या भाषेत सांगायचे तर लिटरला सहा किलोमीटरही नाही. पेट्रोल पाण्याच्या भावाने मिळत असल्यामुळे कोणाला त्याची खंत नव्हती.

डिसेंबर १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या स्वाक्षरीने ऊर्जा धोरण व संवर्धन कायदा अस्तित्वात आला. प्रत्येक कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींची मिळून सरासरी इंधनक्षमता काढायची आणि ती ठरलेल्या पातळीखाली गेली तर दंड भरायचा, अशी ही व्यवस्था होती. १९७८ साठी गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल, म्हणजे लिटरला साडेअकरा किलोमीटरहून थोडे अधिक, अशी पायरी आखून देण्यात आली. (मराठी माणूस मायलेजलाच ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतो. या कायद्याने ते नाव शब्दशः खरे करून दाखवले!)

येथवर सारे सरळ होते. पण डेट्रॉइटच्या मोटार कामगार संघटनेला वेगळीच भीती वाटली. लहान, काटकसरी गाड्या बनवण्याचा अनुभव या कंपन्यांना नव्हता. पण त्या आयात करणे त्यांच्या हाताचा मळ होता. क्रायस्लर जपानच्या मित्सुबिशीने बनवलेली गाडी ‘डॉज कोल्ट’ नावाने विकतच होती. फोर्डने पुढे आपल्या जर्मनीतील कारखान्यातून ‘फिएस्टा’ आणली. म्हणजे परदेशात बनलेल्या चार लहान गाड्या आणायच्या, सरासरी वर चढवायची आणि घरच्या कारखान्यांतून जुनेच धूड बनवत राहायचे. किंवा त्याहून वाईट म्हणजे घरचे कारखानेच बंद करायचे. हा मार्ग बुजवण्यासाठी कायद्यात दोन ताफ्यांचा नियम आला. ज्या गाडीच्या किमतीतील किमान ७५ टक्के वाटा अमेरिका-कॅनडातील उत्पादनाचा, ती देशी, उरलेल्या आयात. प्रत्येक ताफ्याने स्वतंत्रपणे परीक्षा उत्तीर्ण व्हायची. एकाचे गुण दुसऱ्याला देता येणार नाहीत. कामगारांच्या पोटाचा विचार करता ही मागणी अवाजवी मुळीच नव्हती, हे येथेच नमूद करायला हवे.

आकड्यांचा प्रवास

आता आकडे पाहू. १९७८ मध्ये अमेरिकेतील देशी ताफ्याची सरासरी गॅलनला १८.७ मैल होती, आयात ताफ्याची २७.३. म्हणजे आयात गाडी जवळजवळ दीडपट काटकसरी. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, तेलाचा दुसरा भडका उडाला आणि अमेरिकन ग्राहकाने टोयोटा, होंडा, डॅटसनच्या दारात रांग लावली. १९८० मध्ये विकल्या गेलेल्या चार मोटारींपैकी एक आयात होती. क्रायस्लर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली आणि तिला वाचवण्यासाठी सरकारला दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी घ्यावी लागली.

डेट्रॉइटवाले मग खडबडून जागे झाले. १९८५ मध्ये देशी ताफा २६.३ वर आला, आयात ताफा ३१.५ वर. सात वर्षांत देशी गाडीने चाळीस टक्के प्रगती केली, हे विसरून चालणार नाही. यासाठी काही अद्भुत शोध लागला नव्हता. गाड्या आखूड व हलक्या केल्या, आठाऐवजी चार सिलिंडर बसवले, इंजिन आडवे ठेवून पुढच्या चाकांना ताकद दिली. हे सारे तंत्र युरोप-जपानात रुळलेले होते. डेट्रॉइटच्या अभियंत्यांना ते येत नव्हते असे नाही. त्यांच्या मालकांना ते नको होते.

आणि २००० साल? देशी २८.७, आयात २८.३. बावीस वर्षांपूर्वी दीडपट मागे असलेली देशी गाडी केसभर पुढे गेली! एखाद्या अमेरिकन राष्ट्राभिमान्याने या आकड्यांवर पेढे वाटले असते तरी नवल नव्हते. परंतु हे आकडे जरा खरवडून पाहिले की खालून वेगळाच रंग दिसू लागतो.

पहिली गोष्ट अशी की मध्यंतरी ‘देशी’ या शब्दातील माणसेच बदलली होती. होंडाने नोव्हेंबर १९८२ मध्ये ओहायो राज्यातील मेरिसव्हिल येथे ‘अकॉर्ड’ बनवायला प्रारंभ केला. टोयोटाने १९८८ मध्ये केंटकीत ‘कॅमरी’ सुरू केली. निसान टेनेसीत गेली. प्रारंभी या कारखान्यांत जपानहून आलेले भाग जोडले जात; पण जसजसे सुटे भागही तिथेच बनू लागले, तसतशा यांतील अनेक गाड्यांनी ७५ टक्क्यांची रेषा ओलांडली आणि त्या ‘आयात’ रकान्यातून उठून ‘देशी’ रकान्यात जाऊन बसल्या. सोबत आपले मायलेजही घेऊन गेल्या. देशी ताफ्याची प्रकृती सुधारली त्यात या पाहुण्यांच्या रक्ताचा वाटा होता.

दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेने घडली. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दडपणाखाली जपानने वर्षाला सोळा लाख ऐंशी हजार मोटारींचीच निर्यात करण्याचे ‘स्वेच्छेने’ मान्य केले. ही स्वेच्छा कशी असते ते सांगायला नको. मग जपान्यांनी व्यापारी हिशेब केला. गाड्यांची संख्या ठरलेली असेल तर प्रत्येक गाडी महागातली पाठवावी. होंडाने १९८६ मध्ये ‘अ‍ॅक्युरा’, टोयोटाने १९८९ मध्ये ‘लेक्सस’ आणि निसानने ‘इन्फिनिटी’ या आलिशान गाड्यांची दालने उघडली. जर्मन बीएमडब्ल्यू व मर्सिडीज तर होत्याच, आणि या जर्मनांची पद्धत अशी की मायलेज वाढवण्यापेक्षा दंड भरून मोकळे व्हायचे. लहान गाड्या देशी रकान्यात गेल्या, मोठ्या गाड्या आयात रकान्यात आल्या. त्यामुळे १९८३ मध्ये ३२ च्या पुढे गेलेली आयात ताफ्याची सरासरी घसरत २८ वर उतरली. टोयोटाचा अभियंता वीस वर्षांत अडाणी झाला नव्हता. अमेरिकेने घातलेल्या मर्यादेनेच त्याच्या मालकाला मोठ्या गाडीकडे ढकलले होते.

फोर्डची करामत

या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलके उदाहरण फोर्ड कंपनीच्या ‘क्राउन व्हिक्टोरिया’चे आहे. अमेरिकन चित्रपटांत पोलिसांची लांबलचक गाडी पाहिली असेल, तीच ही. आठ सिलिंडर, भक्कम बांधा, आणि मायलेजच्या नावाने आनंद. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी फोर्डचा देशी ताफा मानकाच्या काठावर होता आणि ही गाडी त्याला खाली ओढत होती. आयात ताफ्यात मात्र लहान गाड्यांमुळे भरपूर सवड होती. फोर्डने काय करावे? गाडी सुधारली नाही, बंदही केली नाही. तिचे काही सुटे भाग मेक्सिको व अन्य देशांतून मागवायला सुरुवात केली, देशी वाटा ७५ टक्क्यांखाली आणला आणि अस्सल अमेरिकन पोलिसांची अस्सल अमेरिकन गाडी कागदोपत्री ‘आयात’ ठरवून टाकली!

देशी कामगाराचा रोजगार वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने देशी कामगाराच्या हातचे काम परदेशी पाठवले. इंधनाचा एक थेंब वाचला नाही तो निराळाच. कायदा करणाऱ्यांची नियत शुद्ध होती यात शंका नाही. पण ज्या क्षणी नियम लिटरऐवजी लेबल मोजू लागतो, त्या क्षणी हुशार कंपनीचे लेखापाल अभियंत्यांच्या पुढे जाऊन बसतात.

युरोपीय समुदायाने ही दोन ताफ्यांची पद्धत गॅट या जागतिक व्यापार कराराच्या चौकटीत आव्हानित केली. १९९४ मध्ये तेथील पंचमंडळाने निवाडा दिला की इंधनपिपासू गाड्यांवरील कर आक्षेपार्ह नाही, पण परदेशी ताफ्याचा हिशेब वेगळा ठेवणे हा भेदभाव आहे. हा निवाडा औपचारिकरीत्या कधी स्वीकारलाच गेला नाही. मुक्त व्यापाराची प्रवचने जगाला देणाऱ्या राष्ट्राने आपल्या घरच्या नियमाला हात लावू दिला नाही, हे आपल्याकडील मुक्त बाजाराच्या भोळ्या भक्तांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मागच्या दाराने आलेला हत्ती

मोटारींच्या रकान्यांत ही लुटुपुटीची लढाई चालू असताना खरा खेळ भलतीकडेच रंगत होता. कायद्याने ‘हलके मालवाहू वाहन’ या वर्गाला सौम्य मानक दिले होते. शेतकरी, सुतार, गवंडी यांच्या टेम्पोवजा गाड्यांवर बोजा नको, हा हेतू. १९९०च्या दशकात मोटारींना २७.५ मैलांची अट असताना या वर्गाला सुमारे २०.७ मैलांची होती. त्यातच १९६४ पासून परदेशी मालवाहू गाड्यांवर २५ टक्के आयातकर होता. या कराची जन्मकथा गमतीची आहे. पश्चिम जर्मनी व फ्रान्सने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सूड म्हणून तो बसवला होता. कोंबड्यांचे भांडण केव्हाच विस्मरणात गेले, कर आजही उभा आहे.

सौम्य मानक आणि आयातकराची तटबंदी! डेट्रॉइटला याहून अधिक काय हवे होते? मालवाहू सांगाड्यावर कुटुंबाच्या खुर्च्या बसवल्या आणि एसयूव्ही हे प्रकरण घरोघर पोहोचले. सत्तरच्या दशकात अशा वाहनांचा वाटा विक्रीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास होता; २००४च्या सुमारास तो निम्म्यावर गेला. परिणाम असा की मोटारी आणि ही ‘मालवाहू’ वाहने एकत्र धरली तर प्रत्यक्ष वापरातील मायलेज १९८७ मध्ये गॅलनला २२ मैल होते ते २००४ मध्ये १९.३ वर उतरले. सतरा वर्षे तंत्रज्ञान पुढे जात होते आणि मायलेज मागे! मग ते तंत्रज्ञान गेले कोठे? त्याच काळात सरासरी वाहनाचे वजन सुमारे १,४६० किलोवरून १,८६५ किलोवर गेले आणि इंजिनाची ताकद ११८ अश्वशक्तीवरून २११ वर. अभियंत्याने वाचवलेले प्रत्येक बोंडभर पेट्रोल विक्रेत्याने वजन व वेगात खर्चून टाकले. देशी ताफा आणि आयात ताफा यांची तुलना करीत बसलेल्या मंडळींना हा हत्ती दिसलाच नाही, कारण तो त्यांच्या कोणत्याच रकान्यात नव्हता.

पुढे २००७ मध्ये नवा कायदा झाला, मानके कडक झाली, गाडीच्या चार चाकांमधील क्षेत्रफळानुसार वेगवेगळे लक्ष्य ठरू लागले. मोठी गाडी, सौम्य लक्ष्य. २०१८ मध्ये फोर्डने अमेरिकेतील जवळजवळ सर्व सेडान गाड्या बंद करण्याचे जाहीर केले. आणि जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने मानके न पाळल्याचा दंडच शून्यावर आणला. पन्नास वर्षांच्या प्रयत्नानंतर परीक्षा आहे, पण नापास होण्याची शिक्षा नाही, अशी तेथील अवस्था आहे.

जपानने काय वेगळे केले?

जपानची मोटार मुळातच काटकसरी का झाली, याचे उत्तर त्या राष्ट्राच्या परिस्थितीत आहे. घरात तेलाचा थेंब नाही, रस्ते अरुंद, पेट्रोलवर भरभक्कम कर. युद्धोत्तर जपानने १९४९ पासूनच अतिलहान गाड्यांचा, ज्यांना तिकडे ‘केई’ म्हणतात, एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला. १९५५ पासून या गाड्यांना ३६० सीसीची मर्यादा होती; ती १९७६ मध्ये ५५० वर आणि १९९० मध्ये ६६० वर नेली. या वर्गाला करात सवलत मिळाली. आपल्या गरजेतून, आपल्या रस्त्यांसाठी, आपल्या अडचणीला धरून बनवलेली ही गाडी होती. तिला स्वदेशी म्हणावे तर याच अर्थाने म्हणावे. तेलाचा भडका उडाला तेव्हा जगाला जे हवे होते ते जपानकडे तयार होते. कारण ते त्यांनी जगासाठी नव्हे, स्वतःसाठी बनवले होते.

आणखी एक गोष्ट. जपानच्या सरकारने घरच्या बाजारात परदेशी गाड्यांना दीर्घकाळ फारसा शिरकाव करू दिला नाही. पण घरातल्या घरात टोयोटा, निसान, होंडा, माझदा, सुझुकी यांना एकमेकांशी जीव तोडून झुंजावे लागले. संरक्षण होते, पण आराम नव्हता.

आपल्याकडची तीन चित्रे

आपल्याकडे संरक्षण आणि आराम दोन्ही होते. हिंदुस्थान मोटर्सची ‘अँबेसेडर’ म्हणजे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा तिसरा अवतार, १९५७ पासून उत्तरपाड्यात बनणारा. मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर ‘पद्मिनी’ म्हणजे इटलीची फियाट ११००. परवाना, कोटा आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी यांच्या छत्रछायेत या दोन्ही गाड्या दशकानुदशके जवळजवळ तशाच राहिल्या. अँबेसेडर लिटरला दहा किलोमीटरच्या आसपास घोटाळत राहिली. त्यांच्या मजबुतीचे गोडवे गाणारे आजही भेटतात, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाली तेव्हा अनेकांना गहिवर आला. गहिवर समजण्यासारखा आहे. पण १९७३ आणि १९७९ असे दोन तेलाचे तडाखे देशाने खाल्ले, परकीय चलनाची गंगाजळी आटली, आणि तरीही देशी कारखान्यांना इंजिन सुधारावेसे वाटले नाही, हेही तितकेच खरे. गाडीवर शिक्का देशी होता, आराखडा परका होता आणि टाकीत ओतले जाणारे तेलही बव्हंशी परके. यातील स्वदेशी नेमके काय होते?

दुसरे चित्र डिसेंबर १९८३ चे. जपानच्या सुझुकी आल्टोवर आधारलेली ‘मारुती ८००’ गुरगावातून बाहेर पडली. ७९६ सीसी, साडेसहाशे किलोंच्या आसपास वजन, आणि अँबेसेडरच्या दीडपट-पावणेदोनपट मायलेज. प्रारंभी तिचे भाग जपानहून खोक्यांतून येत. त्या अर्थाने ती ‘आयात’ गाडीच. पण सरकारने टप्प्याटप्प्याने भारतीय भाग वापरण्याची अट घातली होती आणि ती पाळली गेली. सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लहान-मोठ्या कारखान्यांना त्यातून गुणवत्तेचे धडे मिळाले. आज वाहनांचे सुटे भाग आपण जगाला विकतो, त्याची पायाभरणी येथे आहे. मालकीचा प्रवास मात्र उलट झाला. २००२ मध्ये कंपनीचे नियंत्रण सुझुकीकडे गेले, २००७ पर्यंत सरकारने उरलासुरला वाटाही विकला. गाडी भारतीय होत गेली, कंपनी जपानी होत गेली.

तिसरे चित्र आपल्या पिंपरीतले. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची ‘इंडिका’ आली. बाह्य रूपासाठी इटलीतील संस्थेचे साहाय्य घेतले होते, पण गाडी भारतीय कंपनीने, भारतीय कुटुंबाचा विचार करून, आपल्या अभियंत्यांकडून उभी केलेली. पहिल्या गाड्यांत दोष होते, तक्रारी आल्या. टाटांनी त्या ऐकल्या आणि २००१ मध्ये सुधारित इंडिका आणली. डिझेलच्या काटकसरीवर तिने टॅक्सीचा व्यवसायच बदलून टाकला. स्पर्धा दारात उभी असताना देशी अभियंता काय करू शकतो, याचे हे उत्तर आहे. कुर्ला आणि पिंपरी यांत दीडशे किलोमीटरचेही अंतर नाही. फरक माणसांत नव्हता, परिस्थितीत होता.

लिटर कोणाचा?

आपला देश आज गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. हा आकडा समोर ठेवला की देशी-आयात गाडीच्या चर्चेला वेगळीच धार येते. साधा हिशेब करू. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १५ ऐवजी २० किलोमीटर देत असेल, तर वर्षाला सुमारे १६७ लिटर इंधन वाचते. गाडीच्या पंधरा वर्षांच्या आयुष्यात अडीच हजार लिटर. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, त्यात आपल्या ऊस उत्पादकाचाही वाटा आहे. तो वजा केला तरी एका गाडीमागे दोन हजार लिटर पेट्रोल उरते. (इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे मायलेज थोडे घटते, ही ग्राहकाची तक्रार निराधार नाही, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) दोन हजार लिटर जास्त पिणारी गाडी भारतीय कंपनीची असली, तरी त्या दोन हजार लिटरचे पैसे बव्हंशी आखातात आणि रशियातच जाणार आहेत.

सरकारने ही दिशा ओळखली, हे मान्य करायला हवे. २०१७-१८ पासून आपल्याकडेही कंपनीनिहाय सरासरीचे मानक लागू झाले. पहिला टप्पा शंभर किलोमीटरला ५.४९ लिटरचा, २०२२-२३ पासूनचा दुसरा ४.७७ लिटरचा. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने दंडाची तरतूद झाली. विशेष म्हणजे आपल्या नियमात देशी ताफा आणि आयात ताफा असा भेद नाही. कोणाचीही असो, गाडी विकली की ती हिशेबात. अमेरिकेची मोठी चूक आपण टाळली.

पण धाकटी चूक आपल्यातही शिरली आहे. आपले लक्ष्य वजनानुसार ठरते. कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन जितके अधिक, तितकी अधिक इंधनाची मुभा. शंभर किलोमागे शंभर किलोमीटरला ०.२ लिटर. हलकी गाडी बनवणाऱ्याला यात बक्षीस नाही, कारण वजन घटले की लक्ष्यही कडक होते. शिवाय हिशेब करताना एक विद्युत गाडी तिनांच्या बरोबरीची आणि पूर्ण हायब्रिड गाडी दोनांच्या बरोबरीची धरली जाते. नव्या तंत्राला प्रोत्साहन म्हणून हे ठीक. पण एक विद्युत गाडी विकून दोन जड एसयूव्हींचे पाप धुता येते, हा त्याचा दुसरा अर्थ. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक एसयूव्ही वर्गातल्या आहेत. अमेरिकेचा हत्ती आपल्या अंगणात आलेला आहे आणि आपण त्याला गाजरे खाऊ घालीत आहोत.

आता वाद आहे तो २०२७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्याचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात ९०९ किलोपर्यंतच्या लहान पेट्रोल गाड्यांना थोडी सवलत सुचवण्यात आली. मारुतीने तिचे स्वागत केले. टाटा, महिंद्र यांनी विरोध केला. या विरोधात एक तथ्य आहे. ही सवलत प्रामुख्याने एकाच कंपनीच्या पदरात पडणार, आणि ९०९ हा आकडा कोठून आला हे विचारण्याचा अधिकार इतरांना आहे. पण लगेच समाजमाध्यमांवर ‘जपानी कंपनीसाठी भारतीय कंपन्यांचा बळी’ अशी हाकाटी सुरू झाली, तिला फसण्याचे कारण नाही. मारुतीची हलकी गाडी भारतीय सुट्या भागांनी, भारतीय कामगारांच्या हातांनी बनते. महिंद्रची जड एसयूव्ही आमच्या चाकणला बनते, आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. दोन्ही देशी. मालकाचे आडनाव पाहून सवलत देणे वा नाकारणे, म्हणजे क्राउन व्हिक्टोरियाच्या वाटेने जाणे होय.

मग काय करावे? कोणत्याही एका वर्गाला वेगळी सवलत देण्यापेक्षा वजनाची ती उतरंडच अधिक सपाट करावी. शंभर किलोमागे मिळणारी मुभा कमी झाली की हलकी गाडी आपोआप फायद्यात येते, मग ती गुरगावची असो, साणंदची असो वा पुण्याची. जड गाडीवाल्याला मग दोनच वाटा उरतात. इंजिन सुधारा किंवा वजन उतरवा. टाटांनी २००८ मध्ये ६२४ सीसीची ‘नॅनो’ बनवून लिटरला साडेतेवीस किलोमीटर काढून दाखवले होते. बाजारात ती चालली नाही त्याची कारणे वेगळी, पण हलकी गाडी बनवण्याची विद्या त्यांच्याकडे नाही असे कोण म्हणेल? १९६६ पासून पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत उभी असलेली ‘एआरएआय’ ही संस्था गाड्यांचे मायलेज मोजते. प्रमाणपत्रावर तिने छापलेल्या आकड्याशेजारी गाडीचे वजनही ठळकपणे छापले जावे आणि शोरूमच्या काचेवर दोन्ही लावण्याची सक्ती व्हावी, एवढी मागणी तरी ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी २०२७ पूर्वी लावून धरायला हरकत नाही. मसुदा अंतिम होईपर्यंत हरकती-सूचना पाठवण्याचा हक्क मोटार कंपन्यांइतकाच, टाकी भरणाऱ्यालाही असतो.